उजेडाला धरलेली छाती

तेलंगणातल्या आदिलाबादला ‘रिम्स’ नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००८ साली सुरू झालं. त्याच्या रुग्णालयात सकाळी व्हरांड्यात थोडा वेळ बसलं की तेलुगू, दखनी, गोंडी आणि मराठी अशा चार भाषा कानावर येतात. मराठी बोलणारे सगळेच बाहेरगावचे नसतात. काही पांढरकवड्याकडून पैनगंगा ओलांडून आलेले असतात, काही किनवटकडचे. पण पुष्कळ जण इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. आंध समाजाची तर घरातली बोलीच मराठी. यांच्यात कुणाच्या तरी हातात एक मोठा लिफाफा असतो. त्यातून करकरीत आवाज करत फिल्म बाहेर निघते आणि खिडकीतल्या उजेडाला धरली जाते. बघणाऱ्याला त्यातलं फारसं कळत नसतं, तरी तो डोळे बारीक करून बघतो.

“डाग पडला म्हनत होते.”

“डाग नाही, भोक हाय म्हनले.”

या भोकाची गोष्ट मला सांगायची आहे. फुप्फुसात पोकळी होते हे माणसाला फार आधीपासून माहीत होतं, पण जिवंत माणसाच्या छातीतली पोकळी दिसायला लागून दीडशे वर्षंही झालेली नाहीत. दिसण्याची सोय झाल्यावरही ज्यांच्या छातीत ती होती, त्यांच्यापर्यंत ती सोय पोहोचायला आणखी साठ वर्षं गेली.

आपल्याकडे या आजाराला राजयक्ष्मा म्हणत. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले ते याच रोगानं, वय अवघं सत्तावीस. राज्य होतं, वैद्य होते, गणपतीचं देऊळ समोर होतं. छातीत काय चाललंय ते बघायचं साधन मात्र जगात कुणाकडेच नव्हतं. व्हिएन्नाच्या लिओपोल्ड औएनब्रुगरनं त्याच्या अकरा वर्षं आधी, १७६१ साली, छातीवर बोटांनी ठोकून आत काय आहे ते ओळखायची रीत लिहून काढली होती. हा खानावळवाल्याचा मुलगा. पिंप ठोकून दारू कुठपर्यंत आहे ते ओळखायचं, हे त्यानं लहानपणी पाहिलेलं. आपल्याकडेही घागर भरली की रिकामी ते बाया टिचकी मारून सांगतात. पण औएनब्रुगरचं पुस्तक बराच काळ कुणी मनावर घेतलं नाही.

मग १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक या डॉक्टरनं कागदाची सुरळी करून एका तरुण बाईच्या छातीला लावली आणि दुसऱ्या टोकाला कान दिला. तो पहिला स्टेथोस्कोप. लेनेकनं नुसतं हृदय ऐकलं नाही. क्षयाच्या रोग्यांच्या छातीवर नळी लावून तो त्यांना बोलायला सांगे. बहुतेक ठिकाणी आवाज घुमल्यासारखा, अस्पष्ट येई. एखाद्या जागी मात्र शब्द थेट नळीतून आल्यासारखे स्वच्छ ऐकू येत, जणू रोगी तोंडानं बोलतच नाही, छातीनं बोलतो आहे. रोगी दगावल्यावर तो शवविच्छेदन करी आणि नेमकी त्याच जागी पोकळी सापडे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जसा आवाज येतो तसा श्वासही तिथे ऐकू येई. कानानं भोक शोधायची ही विद्या त्यानं १८१९ साली पुस्तकात मांडली. १८२६ साली तो स्वतः क्षयानंच गेला, तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. डॉक्टरांना आजही छातीवर कान द्यायला शिकवतात, आणि माझ्या मते ते कधी थांबू नये; पण बोराएवढी पोकळी कानाला सापडत नाही. सापडते तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो.

ही पोकळी होते कशी? रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला, तेव्हापासून हळूहळू ते उलगडत गेलं. जंतू श्वासातून आत जातो. शरीर त्याच्याभोवती पेशींचा वेढा घालतं आणि एक गाठ तयार होते. पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट तिथेच थांबते, जंतू आयुष्यभर कोंडलेला राहतो. काहींच्या गाठीचा मधला भाग मरतो आणि दुधाच्या चोथ्यासारखा पांढरट, भुसभुशीत होतो. तो पातळ झाला आणि शेजारच्या श्वासनळीची भिंत फुटली, की सगळा ऐवज खोकल्यातून बाहेर पडतो. मागे उरते ती रिकामी जागा, म्हणजे विवर. त्यात हवा खेळते, आणि या जंतूला हवा लागते. बंद गाठीत उपाशी पडलेले जंतू विवराच्या भिंतीवर कोट्यवधींनी वाढतात. म्हणून छातीत विवर असलेला माणूस घरात, बसमध्ये, बाजारात सगळ्यात जास्त लोकांना लागण देतो. विवराच्या भिंतीतून एखादी रक्तवाहिनी जात असेल तर ती फुगते, आणि एके दिवशी फुटते. बेडक्यातून रक्त पडलं की घर हादरायचं, ते यामुळे.

आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात याच आजारानं गेल्या. त्यांना बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. तोवर जंतू सापडून पाच वर्षं झाली होती. छातीचा फोटो यायला अजून आठ वर्षं होती. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबुर्गला विल्हेल्म राँटगेनच्या प्रयोगशाळेत अनोळखी किरण सापडले. महिन्या-दीड महिन्यात त्यानं बायकोच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडं होती, बोटातली अंगठी होती. छातीचे फोटोही लवकरच निघू लागले. हवा काळी दिसते, हाडं आणि घट्ट मांस पांढरं. विवर दिसतं ते बांगडीसारखं, आत काळं आणि कडेनं पांढरं. क्षयात ते बहुतेक वेळा फुप्फुसाच्या वरच्या भागात, गळपट्टीच्या हाडाच्या आसपास असतं.

औषध नसण्याच्या त्या काळात डॉक्टरांचा सगळा जीव या बांगडीवर जडला होता. इटलीच्या कार्लो फोर्लानिनीनं छातीच्या पोकळीत सुईनं हवा भरून आजारी फुप्फुस दाबून टाकायचा उपाय काढला. फुप्फुस मिटलं तर भोकही मिटेल, हा विचार. हवा शोषली जाई, म्हणून दर काही दिवसांनी पुन्हा भरावी लागे, वर्षानुवर्षं. त्यानंही भागलं नाही तर बरगड्या काढून छातीची ती बाजूच बसवून टाकत. आणि नीट मिटलं का ते बघायचं कशानं? एक्स-रेनंच. आपल्या भागात त्यासाठी पाचगणी, मिरजेजवळची वानलेसवाडी, आंध्राकडे मदनपल्लीजवळचं आरोग्यवरम, हैदराबादजवळची अनंतगिरीची टेकडी अशी आरोग्यधामं उभी राहिली. चांगली हवा, दूध, अंडी, विश्रांती. तिथल्या डॉक्टरांनी आयुष्यं वेचली, यात शंका नाही. पण खाटा किती आणि रोगी किती, याचा मेळ कधी बसणार नव्हता.

आणि आदिलाबाद? निजामाच्या राज्याचा हा उत्तर टोकाचा जिल्हा, जुनं नाव एदलाबाद. सागवानाचं रान, गोंड आणि कोलामांची गावं, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा. १९४० साली जोडेघाटला निजामाविरुद्ध लढणारा गोंड पुढारी कोमरम भीम मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारला या माणसांकडे बघणं भाग पडलं. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन अभ्यासक मारलावाईला येऊन राहिला. गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र तिथे निघालं आणि गोंडी वाचनमाला छापली गेली ती देवनागरीत, कारण या रानात मराठीच सगळ्यांना जोडणारी होती. मराठ्यांचे इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी तेव्हा हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. त्यांनी या जिल्ह्यात काम करताना गोंडी शिकून घेतली आणि गोंडांवर पुस्तक लिहिलं. हायमेनडॉर्फनं या लोकांचे अप्रतिम फोटो काढले, ते आज लंडनमध्ये जपून ठेवलेले आहेत. ते बघताना मला नेहमी एक गोष्ट खुपते. चेहरे दिसतात, दागिने दिसतात, दंडारीचा नाच दिसतो. छातीच्या आत काय होतं ते बघणारा कॅमेरा जगात पन्नास वर्षं वापरात होता, पण तो या माणसांसाठी नव्हता.

याला एक समजूतही कारण होती. क्षय हा शहराचा रोग, असं मानलं जाई: गिरण्या, चाळी, कोंदट खोल्या, पडद्यातल्या बायका. खेड्यातली हवा मोकळी, माणूस राबणारा, त्याला कुठला क्षय? आर्थर लँकेस्टरच्या १९२० सालच्या ग्रंथापासून अभ्यासक शहरांच्या दाटीवरच बोट ठेवत होते. खेड्यात क्षय दिसत नव्हता हे खरंच. न दिसण्याचं कारण इतकंच, की कुणी पाहिलं नव्हतं.

पाहिलं ते १९५५ ते १९५८ या चार वर्षांत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं देशभर क्षयाची नमुना पाहणी केली. आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातलं हे एक मोठं धाडस होतं आणि त्याची आठवण फार थोड्यांना आहे, याचं मला वाईट वाटतं. ब्राझीलच्या मान्युएल द आब्रेऊनं १९३६ साली एक युक्ती काढली होती. मोठी महागडी फिल्म वापरण्याऐवजी, चमकणाऱ्या पडद्यावर उमटलेल्या छातीच्या चित्राचा छोट्या कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचा. खर्च एकदम खाली आला आणि एका दिवसात शेकडो छात्या बघता येऊ लागल्या. हे यंत्र मोटारीत बसवून, सोबत वीज निर्माण करायचं जनित्र घेऊन, पथकं निघाली. देशात सहा विभाग निवडले होते: कलकत्ता, दिल्ली, पाटणा, त्रिवेंद्रम, मदनपल्ली आणि हैदराबाद. प्रत्येकात शहरं, छोटी गावं आणि खेडी.

पद्धत चिकाटीची होती. आधी घराघराची नोंद. मग पाच वर्षांवरच्या प्रत्येकाला गाडीशी बोलवायचं. खोकला असो नसो. सदरा काढून उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, श्वास धरायचा. फोटोत जरा जरी सावली दिसली, तर त्या माणसाचा बेडका घ्यायचा आणि जंतू आहेत का ते बघायचं. ज्या खेड्यात वीज नव्हती, तिथे पहिला विजेचा उजेड बहुधा अशा एखाद्या गाडीनंच आणला असेल, आणि तो लोकांच्या छातीतून आरपार गेला.

त्याच चार वर्षांत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्यच नाहीसं झालं. पाहणी सुरू झाली तेव्हा औरंगाबाद, नांदेड, गुलबर्गा, वरंगळ आणि आदिलाबाद एका राज्यात होते. अहवाल छापून आला तेव्हा तीन राज्यांत वाटले गेले होते. आदिलाबाद जिल्ह्याचंही विभाजन झालं. राजुरा आणि किनवट मुंबई राज्यात आले, उरलेला जिल्हा तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेला. एकाच घरातले दोन भाऊ दोन राज्यांत पडले, अशी उदाहरणं या पट्ट्यात आजही सांगतात. त्यानंतर या भागातल्या क्षयाच्या नोंदीही दोन राज्यांच्या दोन दप्तरांत गेल्या.

१९५९ साली अहवाल आला. हजारी १३ ते २५ लोकांच्या छातीत क्षयाच्या चालू रोगाची सावली होती. बेडक्यात जंतू सापडणारे हजारी २ ते ८. आणि खेड्यांत? जवळजवळ शहरांइतकेच. मोकळ्या हवेची समजूत एका अहवालानं मोडून काढली. देशातली बहुतेक माणसं खेड्यांत राहत होती, म्हणजे बहुतेक रोगीही खेड्यांतच होते, आरोग्यधामांपासून शेकडो मैल लांब.

तेव्हा हाताशी औषधं आली होती. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं होतं, आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात होतं. पण रोगी ठेवायचे कुठे? मद्रासला १९५६ साली स्थापन झालेल्या क्षय औषधोपचार केंद्रानं १९३ रोगी घेतले. निम्म्यांना आरोग्यधामात ठेवलं, निम्म्यांना घरीच, गरीब वस्तीत, अपुऱ्या जेवणावर; औषधं दोघांनाही तीच दिली. वर्षभरानं दोन्हीकडचे रोगी सारखेच बरे झालेले दिसले, आणि घरच्यांना जास्त लागण झाली असंही आढळलं नाही. भोकं मिटवणारी गोष्ट टेकडीवरची हवा नव्हती, रोज न चुकता घेतलेल्या गोळ्या होत्या. या एका प्रयोगानं जगभरची आरोग्यधामं रिकामी व्हायला सुरुवात झाली.

१९६२ साली राष्ट्रीय क्षय कार्यक्रम आखला गेला तेव्हा एक्स-रेची गाडी मागे पडली आणि सूक्ष्मदर्शक पुढे आला. खोकला घेऊन येईल त्याचा बेडका तपासा, असा नियम. याला पैसा हे एक कारण होतंच, पण दुसरं कारण अधिक खोल आहे. सावली सगळं सांगत नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत येरुशाल्मी या संख्याशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनुभवी डॉक्टरांना त्याच त्या छातीच्या फिल्म वाचायला दिल्या. त्यांच्यात एकमेकांशी मतभेद निघाले. काही महिन्यांनी तीच फिल्म पुन्हा दिली, तर डॉक्टरांचे स्वतःशीच मतभेद निघाले.

शिवाय बांगडीसारखं दिसणारं प्रत्येक विवर क्षयाचं नसतं. दारूच्या नशेत किंवा फेफऱ्यात तोंडातली घाण श्वासनळीत गेली तर फुप्फुसात पू होतो. त्या पोकळीत खाली पू आणि वर हवा, आणि दोहोंमध्ये गडव्यातल्या पाण्यासारखी आडवी सपाट रेघ दिसते. रोग्याच्या तोंडाला असह्य दुर्गंधी येते. यकृतातलं अमीबाचं गळू फुटून वर छातीत आलं तर बेडका तपकिरी पडतो. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी पोटात गेली, जी मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगर-कुरुमांच्या घरात सहज जातात, तर फुप्फुसात पाण्यानं भरलेली गाठ होते. ती फुटली की आतली पातळ पिशवी उरलेल्या पाण्यावर तरंगते आणि फोटोत चक्क पाण्यावरच्या कमळाच्या पानासारखी दिसते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातला बेल्लमपल्लीचा खाणपट्टा आता मंचिर्याल जिल्ह्यात आहे. अशा खाणपट्ट्यांत आणि दगड फोडणाऱ्यांत धुळीच्या गाठी वाढून मधून पोकळ होतात, आणि सिलिका भरलेल्या छातीत क्षयही लवकर घर करतो. कर्करोगाची गाठही मधून कुजते. ब्रिटिश अभियंता हाउन्सफील्डचं सीटी यंत्र १९७१ साली रोग्यावर पहिल्यांदा वापरलं गेलं, त्यानंतर विवराची भिंत किती जाड ते अधिक नेमकं मोजता येऊ लागलं. सगळ्यात जाड जागी ती ४ मिलिमीटरच्या आत असेल तर बहुधा कर्करोग नाही, १५ च्या वर असेल तर बहुधा आहे. मधल्या मापांवर डॉक्टरला पैज लावता येत नाही, तुकडा काढून बघावा लागतो.

म्हणून बेडका आधी, हा १९६२चा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण त्यात एक माणूस सुटत होता. ज्याच्या छातीत रोग सुरू झालाय आणि खोकला अजून नाही, किंवा खोकला आहे पण तो विडीचा, धुळीचा म्हणून घरीच बसलाय, तो दवाखान्याच्या दारात येतच नव्हता. २०१९ ते २०२१ मध्ये देशात पुन्हा एकदा एक्स-रेच्या गाड्या घेऊन क्षयाची पाहणी झाली. पंधरा वर्षांवरच्या लोकांत लाखामागे ३१६ जणांना जंतू सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय निघाला. त्यातले ४२.६ टक्के रोगी एक्स-रे काढला नसता तर हाती लागलेच नसते. जवळजवळ निम्मे! १९५५ची गाडी जे सांगत होती, तेच साठ वर्षांनी पुन्हा समोर आलं. ७ डिसेंबर २०२४ पासून ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम निघाली, तेव्हा हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रं गावोगाव नेली गेली. मोटार नको, जनित्र नको. फिल्मही नाही, चित्र थेट पडद्यावर येतं आणि संगणक संशयाच्या जागेवर खूण करतो.

तरीही लिफाफे घेऊन येणारी माणसं अजून संपलेली नाहीत. गोळ्यांनी क्षय बरा होतो, जंतू मरतात, वजन भरतं. पण मोठं विवर कित्येकदा मिटत नाही. पातळ भिंतीची रिकामी खोली म्हणून ते जन्मभर राहतं. पुढे त्यात बुरशी वस्तीला येऊ शकते. तिचा गोळा होतो, वर चंद्रकोरीसारखी हवेची फट दिसते, आणि माणूस कुशीवर वळला की गोळाही आत कलंडतो. ब्रिटनमध्ये असं मोठं विवर उरलेल्या ५४४ बऱ्या झालेल्या रोग्यांवर लक्ष ठेवलं, तेव्हा काही वर्षांत त्यातल्या १७ टक्क्यांच्या विवरात हा गोळा सापडला. बरा झालेला माणूस दहा वर्षांनी खोकल्यातून रक्त घेऊन येतो, तेव्हा क्षय उलटला की बुरशी, की नुसतंच जुनं भोक, हे एका फोटोवरून ठरत नाही.

अशा वेळी डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, “जुना फोटो आहे का?” घरी पेटीत, रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कुणीतरी तो जपलेला असतो. कडा पिवळ्या पडलेल्या, कोपरा उंदरानं कुरतडलेला, वर कुठल्याशा दवाखान्याचं पुसट नाव. डॉक्टर दोन्ही उजेडाला शेजारी शेजारी धरतात. गळपट्टीच्या हाडाखाली तीच बांगडी, त्याच जागी, तेवढीच. मग ते फोटो खाली ठेवतात, आणि बेडक्याची बाटली हातात देऊन सकाळी उठल्याउठल्या आणायला सांगतात.